जीनोममधून लसीचं अँटिजेन शोधताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकच्या एमएस्सीला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की हल्ली बरेच जण 'रिव्हर्स व्हॅक्सिनॉलॉजी'कडे वळतात, म्हणजे जिवाणूचा जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) वाचून त्यातून लसीचं अँटिजेन, म्हणजे शरीराला प्रतिकार शिकवणारं प्रथिन, शोधायला लागतात. कल्चर वाढवायला नको, केमिकल्सची वाट बघायला नको. लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असलं की काम सुरू. मीही असंच सुरू केलं होतं. चार महिने बसून मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या जिवाणूच्या दोन हजारांवर प्रथिनांमधून चाळीस नावांची यादी काढली आणि गाइड मॅडमसमोर ठेवली. त्यांनी ती वरून खाली एकदा वाचली आणि विचारलं, "यात १८७० कुठंय?"

१८७० नव्हतं. १९९४ नव्हतं आणि २१३२ही नव्हतं. ज्या तीन प्रथिनांवर एक मान्यताप्राप्त लस उभी आहे, ती तिन्ही माझ्या यादीतून गळाली होती. चाळणीतून धान्य खाली पडलं होतं आणि वर कोंडा राहिला होता.

तुमचे चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. माझं एकच सांगणं आहे. ज्या जिवाणूचं उत्तर आधीच माहीत आहे त्याच्यावर तुमची पद्धत प्रथम चालवून बघा. तिथं उत्तर आलं, तरच ती नव्या जिवाणूवर लावा.

१. सरावासाठी मेनिंगोकोकस बी घ्या

मेनिंगोकोकसचं शास्त्रीय नाव निसेरिया मेनिंजायटिडिस. त्याच्या अंगाभोवती साखरेचं कवच असतं आणि कवचाच्या प्रकारावरून ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय असे गट पडतात. बाकीच्या गटांवर लस करणं तुलनेनं सोपं गेलं, कारण कवचाची साखर एखाद्या वाहक प्रथिनाला जोडली की काम होतं. आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनफाइव्ह ही लस ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवर आहे. तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्या पाचांत बी नाही, हे लक्षात घ्या. बी गटाचं कवच पॉलिसायलिक आम्लाचं असतं, आणि माणसाच्या चेतापेशींवरच्या प्रथिनावर तीच साखर असते. शरीर तिला आपलंच समजतं. त्यामुळे प्रतिकार नीट तयार होत नाही, आणि झालाच तर तो आपल्याच पेशींवर उलटण्याची भीती असते.

मग कवच सोडून पृष्ठभागावरची प्रथिनं शोधायची, पण नेमकी कुठली? रिनो रापुओली आणि त्यांच्या इटलीतल्या सिएना इथल्या गटानं यासाठी पूर्ण जीनोम वाचण्याचा मार्ग धरला. एमसी५८ या बी गटाच्या स्ट्रेनचा (वाणाचा) जीनोम २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातून पृष्ठभागावर असतील किंवा पेशीबाहेर जात असतील अशी ५७० प्रथिनं संगणकावर निवडली. त्यांतली ३५० ई. कोलायमध्ये तयार करून, शुद्ध करून उंदरांना टोचली आणि रक्तद्रव तपासला. शेवटी तीन मुख्य प्रथिनं उरली: फॅक्टर एच बाइंडिंग प्रोटीन म्हणजे १८७०, नाडए म्हणजे १९९४, आणि एनएचबीए म्हणजे २१३२. यांच्या जोडीला न्यूझीलंडच्या स्ट्रेनचे बाह्यपटलाचे बुडबुडे घालून बेक्सेरो ही लस झाली. युरोपात तिला जानेवारी २०१३ मध्ये परवानगी मिळाली. ब्रिटननं सप्टेंबर २०१५ पासून ती तान्ह्या बाळांच्या नियमित लसीकरणात घेतली.

म्हणजे जीनोम हाती आल्यापासून परवानगीपर्यंत तेरा वर्षं गेली. संगणकावरचं काम त्यातला अगदी छोटा तुकडा होता. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत 'वेळ आणि खर्च वाचवणारी पद्धत' असं लिहिताना हे आठवा.

२. काय काय जमवायचं

संगणकावरच्या भागासाठी:

- एमसी५८ चा जीनोम आणि प्रथिनांची फास्टा फाइल, म्हणजे क्रम अक्षरांत लिहिलेली साधी फाइल (जेनबँक या जनुकीय साठ्यातला क्रमांक एई००२०९८)
- माणसाच्या सर्व प्रथिनांची फास्टा फाइल, युनिप्रॉट या प्रथिनांच्या साठ्यामधून
- चार प्रोग्राम: ब्लास्ट (क्रमांची तुलना), सिग्नल-पी (बाहेर जाण्याचा सिग्नल), पीसॉर्ट-बी (प्रथिन पेशीत कुठं राहतं), डीप-टीएमएचएमएम (पटलात रुतलेले भाग)
- लिनक्सची तोंडओळख. विंडोज असेल तर त्यातच लिनक्स बसवता येतं.
- एक साधी एक्सेल शीट. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

प्रत्यक्ष प्रयोग करणार असाल तर कागदपत्रं आधी. जनुक क्लोन करायचं असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. रुग्णाचा नमुना असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची, आणि उंदीर वापरायचे असतील तर प्राणी नैतिकता समितीची. या समित्यांच्या बैठका रोज होत नाहीत. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला नाही तर सत्र संपेपर्यंत परवानगी हातात पडत नाही, हे माझ्या दोन मित्रांचं झालंय. जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून काम असेल तर डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करायची तजवीजही सुरुवातीलाच विचारून ठेवा.

३. जीनोम उतरवा आणि नावं जुळवा

एमसी५८ चा जीनोम २२,७२,३५१ बेस-जोड्यांचा आहे. मूळ अंदाजात त्यात २,१५८ जनुकं धरली होती. तुमच्या फाइलमध्ये आकडा थोडा वेगळा दिसेल. घाबरू नका, पण तो वेगळा का आहे हे समजून घ्या, कारण पहिला सापळा इथंच आहे.

जुन्या नोंदीत जनुकांची नावं एनएमबी१८७० अशी आहेत. रेफसेक या संदर्भ-साठ्यानं नंतर सगळ्या जिवाणूंची नव्यानं नोंदणी केली, तेव्हा नावात 'आरएस' घातलं आणि पुढचा आकडाही बदलला. आता तुमची प्रथिनं एका ठिकाणची, प्रोटिओमिक्सचा (प्रत्यक्ष बनलेली प्रथिनं मोजण्याचा) डेटा दुसऱ्या ठिकाणचा आणि संदर्भ-लेख २००० सालचा असेल, तर तिन्हींत एकाच प्रथिनाला तीन नावं असतात. नावानं जुळवत बसलात तर निम्मी प्रथिनं हरवल्यासारखी वाटतील. जेनबँक स्वरूपाच्या फाइलमध्ये जुनं नाव वेगळ्या रकान्यात दिलेलं असतं, त्यावरून जुळणीचा तक्ता करा. जिथं शंका असेल तिथं सरळ अमिनो आम्लांचा क्रम ब्लास्ट करा. नाव फसवतं, क्रम फसवत नाही.

तक्ता झाला की १८७०, १९९४ आणि २१३२ या तीन ओळी पिवळ्या करा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर त्या तीन ओळी आहेत का, एवढंच आधी बघायचं.

४. पृष्ठभागावरची प्रथिनं वेगळी काढा

अँटिबॉडी पेशीच्या आत शिरत नाही. तिला बाहेर दिसेल तेच प्रथिन उपयोगाचं. म्हणून कुठलं प्रथिन कुठं राहतं याचा अंदाज घ्यायचा. पीसॉर्ट-बी पेशीद्रव, आतलं पटल, पटलांमधली जागा, बाह्यपटल, पेशीबाहेर असं वर्गीकरण देतं. खात्री नसेल तर 'अज्ञात' म्हणतं.

माझी पहिली चूक इथंच झाली. मी 'बाह्यपटल' आणि 'पेशीबाहेर' एवढेच दोन गट ठेवले आणि 'अज्ञात' सरसकट काढून टाकले. पण लायपोप्रोटीन म्हणजे चरबीच्या शेपटीनं पटलात खोचलेली प्रथिनं. त्यांची घडण बाह्यपटलातल्या पिंपासारख्या प्रथिनांशी जुळत नाही, म्हणून ती 'अज्ञात'मध्ये पडू शकतात. १८७० आणि २१३२ दोन्ही लायपोप्रोटीन आहेत.

लायपोप्रोटीन डोळ्यांनीही ओळखता येतं. १८७० चा क्रम उघडा आणि सुरुवातीचा भाग वाचा. पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा एक पट्टा दिसेल. त्याच्या शेवटी ल्युसिन, थ्रिओनिन, अ‍ॅलानिन आणि मग सिस्टीन. त्या सिस्टीनवर चरबीची शेपटी चढते आणि तिच्या आधीचं सगळं, म्हणजे प्रथिनाला बाहेर धाडणारा 'सिग्नल', कापलं जातं. सिस्टीननंतर दोन सेरिन आणि पुढे ग्लायसिनची रांग येते. ही खूण एकदा नजरेत बसली की नव्या जिवाणूतही पटकन सापडते. सिग्नल-पी हेच काम हजारो प्रथिनांवर करतं आणि लायपोप्रोटीनचा सिग्नल वेगळा दाखवतं. म्हणून पीसॉर्ट-बी आणि सिग्नल-पी दोन्ही चालवा आणि दोघांपैकी एकानं जरी 'होय' म्हटलं तरी ते प्रथिन ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. जनुकाची सुरुवात चुकीच्या जागी धरली गेली असेल तर सिग्नलचा पट्टा प्रथिनाच्या मध्येच येतो आणि प्रोग्रामला तो दिसत नाही. शंका आली तर पुढचा मेथिओनिन धरून पुन्हा चालवा. दुसरं म्हणजे जुना टीएमएचएमएम वापरत असाल तर तो सिग्नलच्या पट्ट्यालाच पटलातली नागमोड (पटलात आरपार रुतलेला प्रथिनाचा पिळदार भाग, हेलिक्स) समजतो. 'एकापेक्षा जास्त नागमोडी असतील तर बाद' हा नियम लावण्याआधी, मोजलेली पहिली नागमोड खरी आहे की सिग्नल, हे तपासा.

५. चाळण्या लावताना हात राखून

इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक पद्धतींत इथून पुढे एकामागून एक चाळण्या लावलेल्या असतात. प्रत्येक चाळणी स्वतःपुरती शहाणी वाटते. तिन्ही प्रथिनं हातात धरून त्या एकेक तपासल्या, तेव्हा माझे डोळे उघडले.

'जिवाणूला जगायला आवश्यक जनुकंच ठेवा.' हा नियम औषध शोधताना ठीक आहे, कारण औषधाला जिवाणूचं यंत्र बंद पाडायचं असतं. लसीचं तसं नाही. अँटिबॉडीला फक्त धरायला जागा हवी, मारायचं काम रक्तातली पूरक प्रथिनं (कॉम्प्लिमेंट) करतात. १८७० काढून टाकलेला मेनिंगोकोकस लॅबच्या माध्यमात छान वाढतो. माणसाच्या रक्तद्रवात मात्र तो टिकत नाही, कारण १८७० आपल्या फॅक्टर एचला, म्हणजे पूरक प्रथिनांना आवरणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला, पकडून जिवाणूचा बचाव करतं. आवश्यक जनुकांची चाळणी लावली की ते गेलंच. लसीच्या कामात ती लावूच नका.

'सगळ्या स्ट्रेनमध्ये असलेलंच ठेवा.' ऐकायला एकदम बरोबर. पण नाडएचं जनुक कितीतरी स्ट्रेनमध्ये नाहीच, तरी ते लसीत आहे. एकाच प्रथिनानं सगळं झाकायचं नसतं. तीन-चार प्रथिनं मिळून झाकतात, म्हणून मिश्रणाचा विचार करा.

'अँटिजेन असण्याचा गुण ०.४ च्या वर हवा.' प्रथिन अँटिजेन असेल का याचा अंदाज देणाऱ्या व्हॅक्सिजेन या प्रोग्राममध्ये जिवाणूंसाठी हा उंबरठा ठरलेला आहे आणि तोच सगळे लिहितात. तो प्रोग्राम शंभर ज्ञात अँटिजेन आणि शंभर इतर प्रथिनांवर शिकवलेला आहे. त्याचा आकडा क्रम लावायला वापरा. ०.३९ वाल्याला घराबाहेर काढायला वापरू नका.

माणसाच्या प्रथिनांशी साम्य असेल तर बाद, ही चाळणी मात्र ठेवाच. बी गटाच्या कवचाची सगळी कहाणी तेच सांगते. पूर्ण प्रथिनाची तुलना करून थांबू नका, छोटे तुकडेही बघा.

६. एका प्रथिनाची किती रूपं आहेत ते बघा

जनुक असणं वेगळं आणि ते सारखं असणं वेगळं. १८७० चे तीन मोठे गट आहेत. एका गटाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्या गटावर नीट चालत नाहीत. बेक्सेरोत यातलं एकच रूप आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये परवानगी मिळालेल्या ट्रुमेन्बा या बी गटाच्याच दुसऱ्या लसीत दोन आहेत.

यासाठी पब-एमएलएसटी हा डेटाबेस उघडा. मेनिंगोकोकसच्या हजारो नमुन्यांची नोंद तिथं आहे आणि १८७० च्या प्रत्येक रूपाला क्रमांक दिलेला आहे. स्ट्रेन निवडताना एक काळजी घ्या. डेटाबेसमध्ये युरोप-अमेरिकेचे नमुने फार. भारतासाठी काही म्हणायचं असेल तर भारतातले जीनोम वेगळे काढून बघा आणि ते किती आहेत तो आकडा प्रबंधात प्रामाणिकपणे लिहा. थोडे निघाले तर तोच तुमच्या कामातला महत्त्वाचा निष्कर्ष ठरू शकतो.

७. प्रोटिओमिक्स: प्रथिन खरंच बनतंय का

जीनोम म्हणजे घरातली सगळी भांडी. आज चुलीवर काय चढलंय ते प्रोटिओम सांगतो. जिवाणू वाढवायचा, पृष्ठभागावर बाहेर डोकावणारे तुकडे ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या विकरानं कापून घ्यायचे किंवा बाह्यपटलाचे बुडबुडे गोळा करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर तुकडे ओळखायचे. स्वतःचं यंत्र नसेल तर प्राइड या साठ्यात इतरांनी ठेवलेला कच्चा डेटा फुकट मिळतो. मॅक्सक्वांट या प्रोग्राममध्ये तो तुमच्या फास्टा फाइलशी ताडून बघा.

ट्रुमेन्बाचं उदाहरण इथं फार शिकवतं. तिच्यामागचा गट जीनोमच्या वाटेनं गेलाच नव्हता. त्यांनी जिवाणूची प्रथिनं वेगवेगळी करत, कशामुळे जिवाणू मारणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात ते शोधत नेलं आणि ते त्याच १८७० वर येऊन पोचले. दोन टोकांनी खणलेलं भुयार एकाच जागी भेटलं. म्हणून माझा आग्रह आहे की प्रोजेक्ट कितीही लहान असो, दोन्ही पुरावे एका तक्त्यात आणा.

तक्ता वाचताना मात्र सावध राहा. ट्रिप्सिननं थोड्या पेशी फुटतातच. मग रायबोसोमची प्रथिनं आणि इलाँगेशन फॅक्टर टीयू अशी पेशीच्या आतली प्रथिनं 'पृष्ठभागावर' दिसायला लागतात. त्यांची संख्या खूप असेल तर पेशी फुटल्यात हे समजा आणि प्रयोग पुन्हा करा. केराटिन दिसलं तर ते तुमच्या हाताचं किंवा केसांचं आहे. एकाच तुकड्यावरून ओळखलेल्या प्रथिनावर भिस्त ठेवू नका. चुकीच्या ओळखीचं प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवा.

आणि न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. नाडएवर नाडआर नावाच्या प्रथिनाचा लगाम असतो, त्यामुळे साध्या माध्यमात ते फार कमी बनतं. लाळेत सापडणारा एक छोटा रेणू आला की लगाम सैल होतो. रक्तात लोह सहज मिळत नाही, म्हणून लोह ओढून घेणारी ट्रान्सफेरिन-बंधक प्रथिनं लोह तोडल्यावरच भरपूर दिसतात. पोषक माध्यमात वाढवून 'हे प्रथिन बनत नाही' असं लिहून टाकलं तर चूक माध्यमाची आणि शिक्षा प्रथिनाला. प्राइडमधला डेटा घेताना जिवाणू कशात वाढवला होता ते आधी वाचा.

(मोठ्या रुग्णालयात जिवाणू ओळखायला वापरतात ते मॅल्डी-टॉफ यंत्रही प्रथिनंच मोजतं, पण मुख्यतः २,००० ते २०,००० डाल्टनची आणि त्यातही बरीचशी रायबोसोमची. ओळख पटवायला ते उत्तम, तरी शिगेला आणि ई. कोलाय त्याला नीट वेगळे करता येत नाहीत. अँटिजेन शोधायचं ते साधन नव्हे.)

८. स्वतःचा आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला जिवाणू) सिक्वेन्स करणार असाल तर

एकच गोष्ट कळकळीनं सांगतो: डीएनए काढण्याआधी पुन्हा एका वसाहतीपासून शुद्ध कल्चर करा. आम्ही घाई केली. रिपोर्टमध्ये जोडलेला जीनोम चार मेगाबेसच्या आसपास आला. मेनिंगोकोकस सव्वादोनचा. प्लेटवर दुसरा जिवाणू शेजारी वाढत होता आणि आम्ही दोघांनाही नळीत घातलं होतं. पैसे गेले, दोन महिने गेले.

रीड्स (यंत्रानं वाचलेले डीएनएचे तुकडे) आले की फास्ट-क्यूसीनं दर्जा, क्रॅकननं भेसळ, स्पेड्सनं जोडणी, क्वास्ट आणि चेक-एमनं तपासणी, बाक्टानं जनुकांची नोंद, असा क्रम लावा. लांबी २.२ मेगाबेसच्या आणि जीसीचं (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण ५१ ते ५२ टक्क्यांच्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका. नॅनोपोर या यंत्राचे लांब रीड्स घेतले तर एकसारख्या अक्षरांच्या रांगेत एखादं अक्षर कमी-जास्त वाचलं जातं आणि धडधाकट जनुक तुटलेलं दिसतं. मेनिंगोकोकस अशा रांगांची लांबी बदलून जनुकं खरोखरच चालू-बंद करतो, त्यामुळे चूक कुठली आणि जिवाणूची युक्ती कुठली, हे छोट्या रीड्सनी पडताळावं लागतं.

९. बेंचवर जाताना

निवडलेलं प्रथिन ई. कोलायमध्ये बनवताना सिग्नलचा भाग काढून क्लोन करा, नाहीतर प्रथिन पटलात अडकतं. शुद्ध केल्यावर एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या बाह्यपटलातलं विष) मोजा. ई. कोलायचं एंडोटॉक्सिन मागे राहिलं तर उंदराचा प्रतिसाद भरघोस येतो आणि श्रेय तुमच्या प्रथिनाला जातं.

अँटिबॉडी तयार झाल्या हे एलायझा या चाचणीत दिसलं म्हणून काम संपत नाही. मेनिंगोकोकसमध्ये कसोटी एकच: त्या रक्तद्रवानं पूरक प्रथिनांच्या मदतीनं जिवंत जिवाणू मरतो का. तीही माणसाच्या पूरक प्रथिनांसोबत करा. १८७० माणसाच्या फॅक्टर एचला धरतं, सशाच्या नाही. सशाचं पूरक वापरलं की जिवाणूचा बचाव आपोआप गळून पडतो आणि लस आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

१०. ती एक्सेल शीट

दोन हजारांवर ओळी, प्रत्येक प्रथिनाची एक. रकाने: जुनं नाव, नवं नाव, पीसॉर्ट-बी, सिग्नल-पी, नागमोडी, माणसाशी साम्य, किती स्ट्रेनमध्ये, किती रूपं, प्रोटिओमिक्समध्ये दिसलं का, आणि कुठल्या माध्यमात. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा: 'कुठल्या पायरीवर गळालं'. ओळ पुसायची नाही, फक्त या रकान्यात लिहायचं.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी ही शीट केली. १८७० च्या ओळीत त्या रकान्यात आलं: पीसॉर्ट-बी, अज्ञात. २१३२ समोरही तेच आणि १९९४ समोर 'सगळ्या स्ट्रेनमध्ये नाही'. दोन नियम बदलले, पुन्हा चालवलं आणि तिन्ही पिवळ्या ओळी शेवटपर्यंत आल्या. त्यानंतर मॅडमनी आमच्या जिवाणूचा जीनोम उघडायला परवानगी दिली.